सहा पट्ट्या

भातुकली हा एकच खेळ आहे, असं फक्त लांबून बघणाऱ्या मोठ्या माणसांना वाटतं. जवळ जाऊन पाहिलं, तर एकाच चुलीभोवती बसलेली चार पोरं चार वेगवेगळे खेळ खेळत असतात. एकीला चुरमुऱ्यांचा भात आणि गूळपाण्याची आमटी सगळ्यांना सारखी वाढायची असते. कुणाला कमी पडलं की तिचा जीव वरखाली होतो. दुसरीला फक्त मांडामांडीत रस. बोळकी उंचीप्रमाणे लागली, पाट भिंतीशी आला, की तिचा खेळ संपला. जेवायला कुणी आलं तर उलट तिला रागच येतो. तिसरी 'तू सासू, मी सून, आणि आज तुझा मुलगा गावाहून येणार' असं म्हणत गोष्ट पुढे ढकलत राहते. आणि चौथा, बहुतेक वेळा कुणाचा तरी भाऊ, बाहुलीच्या लग्नात नेमक्या अक्षता पडायच्या वेळी मांडवातून धावत जातो.

व्हिडिओ गेम्समधला 'लाइफ सिम्युलेशन' नावाचा प्रकार हा भातुकलीचा सख्खा वारस आहे. त्यात शेवटची लढाई नसते आणि बहुतेक वेळा शेवटही नसतो. एक घर मिळतं, किंवा माजलेलं रान असलेलं एखादं शेत, किंवा चिमुकलं बेट. थोडे पैसे, थोडे शेजारी. मग गेम बाजूला होतो आणि म्हणतो, करा काय करायचं ते. या मोकळेपणामुळेच हे गेम खेळणाऱ्यांत इतके प्रकार पडतात. बुद्धिबळ खेळणाऱ्या दोघांना एकच गोष्ट हवी असते. 'द सिम्स' खेळणाऱ्या दोघांना एकमेकांचा खेळ ओळखूही येत नाही.

गेली काही वर्षं मी हे प्रकार माझ्याच घरात बघते आहे. सुरुवातीला गंमत म्हणून बघत होते. मग घरात एक मोठं आजारपण आलं आणि 'कोण कसं खेळतं' या प्रश्नाला वेगळंच वजन आलं. पण त्याआधी थोडं त्या गेमबद्दल.

*

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा लागला. त्यात जळलेल्या घरांमध्ये विल राइट या गेम-डिझायनरचंही घर होतं. 'सिमसिटी'मुळे त्याचं नाव तोवर झालेलं होतं. घर गेल्यावर संसार पुन्हा उभा करताना, एकेक वस्तू नव्यानं विकत घेताना, त्याच्या डोक्यात प्रश्न घोळू लागला, की यातली कुठली वस्तू माणसाला नक्की कशासाठी लागते? क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाचं 'अ पॅटर्न लँग्वेज' हे १९७७ चं पुस्तक त्याच्या आवडीचं होतं. घर चांगलं की वाईट हे त्यात राहणाऱ्या माणसांच्या वावरावरून ठरवावं, ही त्यातली दृष्टी. त्यावरून राइटनं घरं बांधण्याचा गेम करायला घेतला. त्यातली माणसं मुळात घराला गुण देण्यासाठी होती. पुढे ती माणसंच इतकी रंजक निघाली, की घर मागे पडलं. या प्रकल्पाला बराच काळ 'डॉलहाउस' म्हणत, म्हणजे बाहुल्यांचं घर. फेब्रुवारी २००० मध्ये तो 'द सिम्स' या नावानं बाजारात आला आणि २००२ साली 'मिस्ट'ला मागे टाकून तोवरचा सर्वाधिक खपाचा पीसी गेम ठरला.

त्यातल्या प्रत्येक माणसाला, म्हणजे 'सिम'ला, गरजा असतात आणि प्रत्येक गरजेची एक पट्टी असते. पहिल्या सिम्समध्ये अशा आठ पट्ट्या होत्या. २०१४ सालच्या 'द सिम्स ४'मध्ये त्या सहा आहेत: भूक, शू-शी, झोप, करमणूक, माणसांची सोबत आणि स्वच्छता. पट्टी भरलेली असली की हिरवी. वेळ जाईल तशी ती उतरते, पिवळी होते, मग लाल. खेळणाऱ्यानं सिमला फ्रिजकडे पाठवायचं, मोरीकडे पाठवायचं, पलंगाकडे पाठवायचं. सिम जी भाषा बोलतात ती 'सिमलिश' जगात कुणालाच येत नाही, त्यामुळे त्यांचं भांडण कशावरून चाललंय हे आपण आपल्या मनानं ठरवायचं.

राइट अशा गेम्सना गेम म्हणण्यापेक्षा खेळणं म्हणणं पसंत करायचा. चेंडू हे खेळणं आहे. क्रिकेट हा गेम. चेंडूचं काय करायचं हे चेंडू सांगत नाही.

*

खेळणाऱ्यांचे प्रकार पाडण्याचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रयत्न रिचर्ड बार्टलचा. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि बार्टल यांनी 'मड' नावाचं नुसत्या मजकुराचं जग तयार केलं. त्यात एकाच वेळी अनेक जण वावरू शकत. पुढे १९९६ मध्ये बार्टलनं एक निबंध लिहिला आणि खेळाडूंची विभागणी पत्त्यांच्या चार रंगांत केली. चौकटवाले खजिन्याच्या, गुणांच्या, पातळ्यांच्या मागे. इस्पिकवाले खणणारे, हे जग कसं चालतं, याच्या कडेला काय आहे, हे त्यांना शोधायचं असतं. बदामवाल्यांना इतर माणसांत रस. आणि किलवरवाले म्हणजे सोटा घेऊन इतरांच्या डोक्यात घालणारे.

मांडणी सुटसुटीत आहे आणि गेम्सवर लिहिणारे लोक ती अजून वापरतात. पण ती तयार झाली अनेक माणसं एकत्र खेळत असलेल्या जगाकडे बघून. घरात एकट्यानं खेळायच्या भातुकलीला ती लावायला गेलं, की पत्ते कमी पडायला लागतात. आमच्या घरातच बघा.

चौकटवाली मी. भाषांतराची कामं घरून करते, त्यामुळे माझ्या दिवसाला ना उठायची वेळ, ना जेवायची. पण 'स्टारड्यू व्हॅली'त माझ्यासारखी टापटिपीची बाई शोधून सापडणार नाही. हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त काळ खपून केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमिंगही त्याचंच. तो २०१६ च्या फेब्रुवारीत आला. आजोबांचं पडीक शेत आपल्याला मिळतं, ते कसायचं. चार ऋतू, प्रत्येक २८ दिवसांचा. मला त्यात काय आवडतं, तर उदाहरणार्थ स्ट्रॉबेरी. तिचं बी वसंतातल्या १३ तारखेच्या जत्रेतच विकत मिळतं. त्याच दिवशी लावलं तर ऋतू संपेपर्यंत दोन तोडे निघतात. पण बी जपून ठेवलं आणि पुढच्या वर्षी वसंताच्या १ तारखेला लावलं, तर पाच. हा हिशेब मी एका वहीत मांडून ठेवलेला आहे. माझ्या प्राप्तिकराच्या कागदांची अशी वही नाही.

धाकटी बहीण आर्किटेक्ट. तिचा सिम्स म्हणजे घड्याळ थांबवून घर बांधायचं. पैशांसाठी 'मदरलोड' हा शब्द टाइप करायचा, खात्यात ५०,००० जमा होतात, हवे तितक्या वेळा. तिनं आजोबांचा वाडा चौकासकट उभा केला आहे. सोपा, माजघर, वर जायचा काळोखा जिना, सगळं. वाड्यात एकेकाळी अकरा माणसं राहायची. सिम्समध्ये एका कुटुंबात आठाच्या वर माणसं घेता येत नाहीत. एकत्र कुटुंब त्या अमेरिकन घरात मावतच नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिनं एकही माणूस ठेवलेला नाही. भाच्यानं विचारलं, "आत्या, इथं राहतं कोण?" तर म्हणाली, "कुणी नाही. राहायला आले की पसारा करतात."

त्या भाच्याचा बाप, म्हणजे आमचा दादा. कॉलेजात असताना तो मित्राकडून आणलेल्या सीडीवर पहिला सिम्स खेळायचा. त्या वेळी पोहण्याच्या तलावात सिमला उतरवून शिडी काढून घेतली, की त्याला बाहेर पडता येत नसे. तो पोहत राहायचा, दमायचा आणि शेवटी बुडायचा. जगभर असंख्य पोरांनी हा प्रयोग केला. दादानं परसात अशा सात-आठ समाध्या लावल्या होत्या. हा माणूस घरातली पाल कागदावर घेऊन बाहेर सोडणारा. त्याला किलवर म्हणावं, तर त्यानं कुणा दुसऱ्या खेळाडूला त्रास दिलेला नाही. माझ्या मते तो इस्पिकवाला. यंत्रणा कुठपर्यंत ताणली की तुटते हे त्याला पाहायचं होतं.

आणि भाचा गोष्ट रचणारा. त्याच्या घरांना पडदे नसतात, पैशांचा खडखडाट असतो, पण प्रत्येक माणसाला भूतकाळ असतो. या जातीच्या खेळाडूंची मोठी परंपरा आहे. २००९ साली रॉबिन बर्किनशॉ यांनी 'द सिम्स ३'मध्ये एक बेघर बाप आणि त्याची मुलगी अशी दोन माणसं तयार केली, त्यांना बागेतल्या बाकांवर राहायला सोडलं आणि काय घडतंय ते 'ॲलिस अँड केव्ह' या नावानं लिहून काढलं. बाप तिरसट, मुलगी मायाळू. स्वभाव नेमून दिले होते. पुढचं बरंचसं त्या दोघांनी आपलं आपण केलं. त्या काळी ते खूप वाचलं गेलं. बार्टलच्या चार रंगांत या खेळाडूंना कुठं बसवणार? बदाम म्हणावं, तर समोर खरं माणूस कुठंय?

एवढं पाहून माझी एक समजूत तयार होत होती. माणूस आयुष्यात जे करत नाही ते खेळात करतो. गबाळी मी गेममध्ये टापटीप, अहिंसक दादा गेममध्ये यम. बहिणीनं मात्र या समजुतीला तेव्हाच सुरुंग लावला. ती दिवसभर घरं बांधते आणि रात्रीही घरंच बांधते. विचारलं तर म्हणते, "क्लायंट नसलेलं घर बांधून बघ एकदा, मग बोल."

*

चार वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर त्यांचं सगळं आईनं हातात घेतलं. पातळ करून भरवणं, भांडं देणं, दुपट्यं बदलणं, अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस वळवणं, रात्री झोप लागली का ते बघणं, मॅच लावून देणं, भेटायला येणाऱ्यांना पंधरा मिनिटांनी हळूच उठवणं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत ती बारीक अक्षरात लिहायची. किती वाजता, किती, काय. डॉक्टरांना त्या चौकोनांचं फार कौतुक.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात भाचा राहायला आला होता. 'द सिम्स ४'चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट मिळतो. तो त्यानं घरातल्या जुन्या लॅपटॉपवर टाकला होता. दुपारी बाबा झोपले असताना आई त्याच्या शेजारी येऊन बसली. खालच्या कोपऱ्यातल्या सहा पट्ट्या कशाच्या, म्हणून तिनं विचारलं. त्यानं एकेक सांगितली. आई म्हणाली, "एवढंच होय? हे तर मला पाठ आहे."

मग त्यानं विचारलं, "आजी, तुला आणि आजोबांना बनवू?"

"ह्यांना नको. दुसरं कुणीतरी कर. एकटा माणूस."

त्यानं एक पांढऱ्या मिशीचा म्हातारा तयार केला. नाव गेमनंच सुचवलेलं, कुठलंसं परदेशी. आईनं ते कधी वापरलं नाही. ती त्याला 'तो' म्हणायची. 'तो'ला एक छोटं घर दिलं आणि मग आई हाताची घडी घालून बसली. माउसला हात लावेना. मी मागे उभी होते. त्याची भुकेची पट्टी पिवळी झाली, स्वच्छतेची लाल व्हायला आली. माझी बोटं शिवशिवायला लागली. म्हटलं, "आई, त्याला आंघोळीला पाठव ना."

"थांब. जाईल त्याचा तो."

सिम्समध्ये स्वेच्छेची सोय असते. ती चालू ठेवली की सिम आपलं आपण बघतात, आपल्यापेक्षा जरा सावकाश आणि जरा वेंधळेपणानं. तो म्हातारा आधी खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, मग टीव्ही लावला, मग बंद केला, आणि मग उठून सरळ मोरीत गेला. आई हसली. इतक्या दिवसांत मी तिला तशी हसताना ऐकलं नव्हतं. "बघ. उठला, गेला. कुणी सांगायला लागलं नाही."

पुढे जवळजवळ रोज दुपारी ती तासभर 'तो'ला बघायची. काही करायची नाही. तेवढी बिलं भरायची, कारण ती थकली की घरातली वीज आणि पाणी तोडतात आणि सिमला ते आपण होऊन सुचत नाही. 'तो'नं काहीतरी शिजवताना करपवलं, शेजारणीशी वाद घातला, रात्री तीन वाजता उठून पुस्तक वाचलं. आई सगळं बघून घ्यायची आणि चहा टाकायला उठायची.

बार्टलच्या पत्त्यांत आईचा रंग नाही. चौकट नाही, इस्पिक नाही, बदाम तर नाहीच. ती माणसांपासून विश्रांती घेत होती. तिच्यासारख्यांना मी 'बघणारे' म्हणते, आणि या गेम्सना ते अगदी शोभतात, कारण दुसऱ्या कुठल्या गेममध्ये काहीही न करता बसलं तर तो पुढे सरकतच नाही.

एकदा मॉनिटरवरची नजर न काढता ती म्हणाली, "दिवसातनं एक तास तरी कुणाच्या पट्टीकडे बघायला लागू नये." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पण आम्हा तिघांना ते पुढे पोचवायला ते वाक्य पुरेसं होतं. त्याआधी तिला कुणी 'दमलीस का' विचारलं, तर उत्तर कायम 'छे' असं यायचं. आता बोलायला एक शब्द मिळाला. फोनवर दादा विचारायचा, "तुझी झोपेची पट्टी कुठल्या रंगात आहे?" आणि आई खरं सांगायची, "पिवळी. काल रात्री तीनदा उठले."

सकाळी चार तासांसाठी मावशी ठेवायचं ठरलं. त्यांचा पगार दादा देणार, शनिवार बहिणीचा, आठवड्यातल्या दोन रात्री माझ्या. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. "बाहेरच्या बाईला ह्यांचं काय कळणार?" पहिला आठवडाभर ती दारात उभी राहून मावशींवर पहारा देत होती. कॅलेंडरचे चौकोन मावशींनी भरायचे ठरले, तर त्यांचं अक्षर मोठं येतं म्हणून कुरबूर. ही कुरबूर अजून पूर्ण थांबलेली नाही. पण आता सकाळी ती भाजी आणायला स्वतः मंडईत जाते आणि यायला उशीर करते.

*

बाबांचं वेगळंच. फिजिओथेरपिस्टनं डाव्या हाताला काम द्या म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्यासमोर टॅब ठेवला. आता कुठला गेम द्यायचा, हा प्रश्न मला पहिल्यांदाच खराखुरा सोडवायचा होता. पत्त्यांचे रंग त्याला उपयोगाचे नव्हते. मी काही साधे प्रश्न कागदावर लिहिले.

पहिला, घड्याळ कुणाचं? सिम्समध्ये वेळ आपण थांबवू शकतो, पळवू शकतो. स्टारड्यूमधला दिवस चालत असतो, सकाळी सहा ते रात्री दोन, आणि तो आपल्या १४ मिनिटांत उरकतो. 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये घड्याळ खऱ्या जगाचंच. तिथं रात्र व्हायची तर इथंही रात्रच व्हावी लागते. सलगम रविवारी सकाळीच विकत मिळतात आणि पुढच्या रविवारच्या आत विकले नाहीत तर सडतात. तो गेम करणारे कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबाहून क्योटोला आले, तेव्हा घरचे आणि मित्र दुरावले. पुढे कामावरून रात्री उशिरा घरी जाताना त्यांना वाटायचं, की घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी आली तरी एकाच जागी खेळू शकतील असं काही हवं. २००१ मध्ये जपानात त्याची पहिली आवृत्ती आली. ज्यांना एका बैठकीत खूप खेळायचं असतं त्यांची तिथं घुसमट होते. रोज थोडं डोकावणाऱ्यांसाठी मात्र तो आहे.

दुसरा प्रश्न, नाही गेलो तर काय? 'फार्मव्हिल' २००९ मध्ये फेसबुकवर आला तेव्हा त्यातली स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर तोडली नाही तर वाळून जायची. गेम आपली वाट बघत नसे, आपल्याला बोलावून घेत असे. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये गैरहजेरीची शिक्षा म्हणजे अंगणात तण, घरात झुरळं आणि 'होतीस कुठं इतके दिवस' असं विचारणारे शेजारी. स्टारड्यू बंद करून सहा महिने गेलात, तरी तो तुम्ही सोडलेल्या सकाळीच उभा असतो. आजारी माणसाला हे फार महत्त्वाचं, कारण पुढचा आठवडा कसा जाईल हे त्याला सांगता येत नाही.

तिसरा, हुकूम कुणाचा? आपण सांगू तेच होतं, की गेममधल्या माणसांना स्वतःची मर्जी आहे? आणि चौथा, शेवटी कुणी गुण देतं का?

बाबांना मी स्टारड्यू दिला. टॅबवर बोट टेकवलं की माणूस तिथवर चालत जातो, त्यामुळे एका हातानं जमतं. १४ मिनिटांचा एक दिवस, तेवढीच त्यांच्या हाताची ताकद. रोज संध्याकाळी एक दिवस. त्यांनी माशांकडे ढुंकून पाहिलं नाही, खाणीत गेले नाहीत, गावात कुणाशी ओळख वाढवली नाही. शलगमासारख्या एका पांढऱ्या कंदाचं बी पेरलं आणि झारीनं पाणी घालत राहिले. एकेक चौकोन. कोरडी माती ओली झाली की तिचा रंग गडद होतो, तो बघायचे आणि मग पुढचा चौकोन.

माझ्यातली चौकटवाली गप्प बसेना. मी सांगितलं, "बाबा, तुषार बसवता येतो. आठ चौकोनांना आपोआप पाणी मिळतं. मग तुम्हाला बाकीचा दिवस मोकळा."

ते बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "मी... घालतो."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं येऊन टॅबकडे पाहिलं. "घालू देत त्यांना," म्हणाली. "सकाळपासून सगळे त्यांनाच घालतायत."

मग मी तुषाराचं नाव काढलं नाही. गेममध्ये पाऊस पडला की शेताला आपोआप पाणी मिळतं. महाराष्ट्रात पाऊस आला म्हणून हिरमुसलेला शेतकरी मी आमच्याच घरात पाहिला. त्या दिवशी बाबा टॅब लवकर बाजूला सारायचे. हिवाळ्यात बाहेर फारसं काही उगवत नाही, तर ते २८ दिवस त्यांनी कोंबड्यांवर काढले. एकेक कोंबडी शोधून तिच्यावर बोट ठेवायचं, तिच्या डोक्यावर बदाम उमटला की दुसरी.

आईबाबांचे खेळ शेजारी ठेवून पाहिले, तर माझी जुनी समजूत थोड्या बदललेल्या रूपात उभी राहते. जी दिवसभर सांभाळते तिला न सांभाळण्याची जागा हवी होती, आणि ज्याला दिवसभर सांभाळलं जातं त्याला सांभाळण्याची. पण मी याचा नियम करणार नाही. बहीण आहेच तो मोडायला. शिवाय हेच दोघं दहा वर्षांपूर्वी कसे खेळले असते, कोण जाणे. बार्टलच्या पत्त्यांत माणूस एका रंगाचा असतो. आमच्या घरात तरी रंग माणसाला चिकटलेला दिसत नाही. ज्या वेळी जे अंगावर असतं, त्यावर तो ठरतो. उद्या मला भाषांतराऐवजी कुठे दहा ते सहा हिशेबाचं काम करावं लागलं, तर माझी स्ट्रॉबेरीची वही आपोआप बंद पडेल असं मला वाटतं.

म्हणून कुणी 'मला यातला कुठला गेम झेपेल' असं विचारलं, तर मी आता त्यांचा स्वभाव विचारत नाही. दिवसभरात कशाला वैतागता, एवढंच विचारते.

*

स्टारड्यूत चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'हो, देतं' असं आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचं भूत येतं आणि दोन वर्षांत तुम्ही काय केलंत ते जोखतं. किती कमावलं, किती कौशल्यं आली, गावात किती जणांशी जुळवून घेतलं. त्याप्रमाणे शेताच्या कोपऱ्यातल्या समाधीपाशी एक ते चार मेणबत्त्या पेटतात. माझ्या शेतावर चार होत्या, पहिल्याच फेरीत.

दोन वर्षं म्हणजे २२४ दिवस. रोज संध्याकाळी एक, मधे तापाचे आणि दवाखान्याचे खाडे, असं करत बाबांना तिथवर पोचायला नऊ महिने लागले. मी त्या दिवशी मुद्दाम शेजारी बसले होते, कारण मला धाकधूक होती. भूत आलं, बोललं, गेलं. एक मेणबत्ती पेटली.

मी बाबांना सांगायला लागले, की हे काही शेवटचं नाही, समाधीवर हिरा ठेवला की आजोबा पुन्हा येऊन नव्यानं जोखतात, आपण हवं तर कमाई वाढवू. त्यांचं लक्ष नव्हतं. नवा वसंत लागला होता, जमीन कोरडी होती. बी त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. झारी रिकामी होती, म्हणून त्यांनी तळ्याच्या काठावर बोट टेकवलं.